जामीनदार म्हणून माझा अनुभव

इंदूरच्या पलसीकर कॉलनीतील आमच्या घराचा वरचा मजला २०१९ च्या सुरुवातीला आम्ही सिंधमधील जेकबाबादहून आलेल्या एका हिंदू कुटुंबाला भाड्याने दिला. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे अशी कुटुंबे साध्या व्हिसावर येतात आणि पुढे दीर्घकालीन व्हिसावर, म्हणजे सिंधी कॉलनीत ज्याला सगळे नुसते ‘एलटीव्ही’ म्हणतात त्यावर, वर्षानुवर्षे राहतात. या एलटीव्हीच्या अर्जातील दोन गोष्टी स्थानिक माणसाने पुढे आल्याशिवाय पुऱ्या होत नाहीत: राहण्याचा पत्ता आणि भारतीय जामीनदार.

परदेशी व्यक्तीला घरात ठेवणाऱ्याने चोवीस तासांच्या आत ‘सी फॉर्म’, म्हणजे तिच्या मुक्कामाची माहिती परदेशी नोंदणी कार्यालयाला कळवणारा अर्ज, तेव्हा ऑनलाइन भरायचा असे. हॉटेलवाल्यांना हे पाठ असे, घरमालकांना सहसा नसे. तो मी भरला, किरायानामा आणि विजेचे बिल जोडून ठाण्यात भाडेकरूंची नोंद केली आणि कलेक्टोरेटबाहेरच्या टायपिस्टकडून स्टॅम्प पेपरवर हमीपत्र तयार करून घेतले. सही करण्याआधी आमचे मोठे दीर घरी येऊन म्हणाले, “वहिनी, उद्या पोलीस दारात आले तर?” पोलीस आले, पण ते पडताळणीसाठी, बीटच्या हवालदारांनी सगळ्यांचे पासपोर्ट पाहिले, शेजाऱ्यांकडे दोन प्रश्न विचारले आणि चहा घेऊन ते गेले. कागद चोख असले की भीतीला फारसे काम उरत नाही, असे माझे मत आहे. मात्र पन्नास घरे पालथी घालूनही पत्ता देणारा घरमालक न मिळालेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांचे पुढचे सगळेच अडते.

बँकेने मात्र दमवले. एलटीव्हीधारक पाकिस्तानी हिंदूला एक खाते उघडता येते, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये नियमात घातले आहे. पण ते ‘अनिवासी साधारण’ (एनआरओ) प्रकारचे, म्हणजे एरवी भारताबाहेर राहणाऱ्यांसाठीचे असते आणि नागरिकत्व मिळाल्यावरच त्याचे निवासी खात्यात रूपांतर होते. रोज संध्याकाळी आमच्याच गच्चीवर कपडे वाळत घालणारा माणूस अनिवासी कसा, हे काउंटरवरच्या तरुणाला उमगेना. शेवटी नियमाची छापील प्रत घेऊन मी व्यवस्थापकांसमोर बसले, तेव्हा कुठे अर्ज स्वीकारला गेला.

शाळेचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गातच बसवावे लागते. खरी अडचण पहिल्या दिवसाच्या अभ्यासाने दाखवली. धाकट्या मुलाने नवी वही मागच्या पानापासून उघडली आणि उजवीकडून डावीकडे तारीख लिहिली, कारण त्याची सिंधी शाळा अरबी वळणाच्या लिपीची होती. गणितात तो वर्गाच्या पुढे होता, पण उदाहरण देवनागरीत असले की ते त्याला वाचताच येत नसे. मग दुपारी बाराखडी माझ्याकडे आणि संध्याकाळी हिंदी वाचन झूलेलाल मंदिरातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे, असा क्रम बसला. त्याची आई मला ‘अदी’, म्हणजे सिंधीत बहीण, म्हणते आणि चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, ताहिरीचे (गोड भाताचे) ताट वरून खाली येते.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा घरात दोन रात्री कोणी झोपले नाही. हिंदूंना दिलेले दीर्घकालीन व्हिसा वैध राहतील, असा खुलासा आला. त्याची प्रत मी त्यांच्या फाइलमध्ये लावून दिली.

आता प्रश्न नागरिकत्वाचा आहे. २०१९ च्या सुधारणा कायद्याचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच मिळतो, म्हणून तो मार्ग यांना बंद आहे. परंतु आई-वडिलांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेले असेल, तर सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने अर्ज करता येतो. आमच्या भाडेकरूचे वडील १९४१ चे आहेत आणि त्यांचा शाळेचा दाखला जेकबाबादच्या भावाकडे आहे. दोन्ही देशांमधील टपाल बंद असल्यामुळे मूळ कागद दुबईतील नातेवाइकामार्फत मागवला आहे. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आलेला आहे, पण कार्यालयात मूळ प्रतच दाखवावी लागेल, असे वकिलांनी सांगितले आहे.