तीस सेकंद तरी ऐक

आज संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर भाच्यानं कानात इअरफोन कोंबले. त्याचं पहिलं गाणं. वर हुकूम, "मामा, निदान तीस सेकंद तरी ऐक!"

म्हणजे काय, तर स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक मोजणी धरतात. आणि २०२४ पासून आधीच्या बारा महिन्यांत १,००० वेळा वाजलं नसेल, तर त्या गाण्याचा एक पैसा मिळत नाही.

गाणं थेट मुखड्यानंच सुरू. म्हटलं, अरे, आधी जरा बासरी, सतार काहीतरी? "तोवर लोक पुढे सरकतात." रील्ससाठी पंधरा सेकंदांचा तुकडा आधीच काढून ठेवलेला!

आम्ही गोखले रोडवरून कॅसेट आणायचो. पैसे मोजलेले, त्यामुळे बी साइडची रटाळ गाणीही झक मारत ऐकायचो. त्यातलीच दोन पुढे जन्माची आवडती झाली (एक अजूनही आंघोळीला असतं).

पण तेव्हा याच्यासारख्या पोराची कॅसेट काढली कोणी असती? यानं घरातल्या गोदरेजच्या कपाटाशेजारी उशा लावून रेकॉर्ड केलंय.

कालपर्यंत ५८ वेळा वाजलंय. त्यातले निम्मे ताईचे असणार. मी घरी येईपर्यंत चारदा ऐकलं. पूर्ण.