आवडती, नावडती आणि लाल कंदील

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज आईला घेऊन 'रेझ द रेड लँटर्न' पुन्हा पाहिला. चिनी दिग्दर्शक झांग यिमूचा सिनेमा, १९९१ सालचा. सबटायटल्स भराभर जातात म्हणून मी आईला वाचून दाखवत होते, आणि त्यामुळेच की काय, यावेळी तो मला श्रावणातल्या कहाणीसारखा ऐकू आला. आटपाट नगर होतं, राजाला एक आवडती, एक नावडती. इथे चार.

काळ १९२०च्या दशकातला. वडील गेले, कॉलेज सुटलं, सावत्र आई मागे लागली, म्हणून एकोणीस वर्षांची साँगलियान चेन घराण्यात चौथी बायको म्हणून येते. गाँग लीने केलीय. वाड्यावर घ्यायला पालखी येते आणि ही बाई स्वतःची बॅग उचलून चालत निघते! तेवढाच काय तो तिचा हट्ट चालतो. शूटिंग शान्सी प्रांतातल्या खऱ्याखुऱ्या चिआओ वाड्यात झालंय. करड्या विटा, चौकामागून चौक, आणि आभाळाचा चौकोनी तुकडा.

संध्याकाळी चौघी आपापल्या दारात उभ्या राहायच्या. मालक ज्या घरी जाणार तिथले कंदील पेटायचे, त्या घरचीचे तळवे एक म्हातारी खुळखुळणाऱ्या छोट्या हातोड्यांनी ठोकून द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला काय करायचं तेही त्या घरचीच सांगायची. (सू तोंगच्या मूळ कादंबरिकेत हे कंदील नाहीत, सिनेमासाठी घातलेत.) कहाणीतल्या नावडतीला उष्टंमाष्टं खायला आणि जाडंभरडं नेसायला, तसंच हे. फक्त इथे व्रत सांगायला कुणी येत नाही.

त्या हातोड्यांचा आवाज अख्ख्या वाड्यात जातो. ज्यांच्याकडे कंदील नाहीत त्यांनाही तो ऐकावा लागतो. आई म्हणाली, "नवऱ्याचं कुणाला पडलंय, हिला पाय दाबून हवेत." मी हसले, पण खरंच आहे. नंतर साँगलियानवर मर्जी राहत नाही तेव्हा ती दासीकडून पाय ठोकून घेते, डोळे मिटून.

तीच दासी, यान्अर. तिच्या खोलीत चोरून पेटवलेले जुने कंदील सापडतात. इतकुसं खोपटं आणि त्यात तो लाल उजेड! मालकाने दोनदा हात लावला तेवढ्यावर तिने मनातल्या मनात पाचवं घर मांडून ठेवलेलं. साँगलियानच ते चव्हाट्यावर आणते. चौकात कंदिलांची होळी, यान्अर बर्फात गुडघ्यांवर. माफी मागत नाही ती. मरते.

मला राग येत होता तो साँगलियानचा, आणि गोड बोलून काटा काढणाऱ्या दुसरीचा. मालकाचा चेहरा कॅमेरा नीट दाखवतच नाही, मग रागवायचं कुणावर? पण कहाणीतल्या राजाचाही मला लहानपणी कधी राग आला नव्हता. आवडतीचीच खोड मोडावी असं वाटायचं.

तिसरीचं छपरावरच्या खोलीत काय होतं ते आईला वाचून दाखवलं नाही. गरज पडली नाही. त्या वेळी बोलत कुणीच नव्हतं.

उन्हाळा, पानगळ, हिवाळा. वसंत गाळून एकदम पुढचा उन्हाळा. पुन्हा वाजतगाजत वरात.

"आता ही कोण?" आईने विचारलं.

"पाचवी."

"ही तरी शहाणी निघो," म्हणाली, आणि चष्मा काढून पदराला पुसायला लागली.