क्वाइट अ फ्यू

गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्या दिंडोरी रस्त्यावरच्या पॅकहाऊसमधून थॉमसन द्राक्षांचा कंटेनर न्हावा शेवाहून रॉटरडॅमला गेला होता. ५०० ग्रॅमच्या पनेट, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्या, आणि दहा पनेटची पेटी. माल पोचल्यावर तिकडच्या खरेदीदाराची मेल आली : ‘क्वाइट अ फ्यू बॉक्सेस हॅव सॉफ्ट बेरीज.’

मेलचं काम माझ्याकडे. मी मनात भाषांतर केलं. क्वाइट म्हणजे अगदी, फ्यू म्हणजे थोड्या. म्हणजे अगदी थोड्या पेट्यांत मणी मऊ निघाले. एवढ्या लांबच्या प्रवासात तेवढं व्हायचंच. ‘थँक यू, व्हेरी हॅपी टु नो’ असं उत्तर ठोकून दिलं आणि भाऊंना सांगितलं, “माल मस्त पोचला.”

दुसऱ्या दिवशी फोटो आले आणि त्यांच्या मागोमाग पैसे कापण्याची भाषा. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बऱ्याच, हे मला चाळिशीत आणि भाऊंच्या खर्चानं कळलं. भाऊ ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मॅडम, शाळेत इंग्रजी नव्हतं का?”

होतं ना. ‘फ्यू, अ फ्यू, द फ्यू’ असा तक्ताच होता. गाळलेल्या जागा भरून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. मोजता येतं त्याला फ्यू, पाण्या-दुधाला लिटल, हे अजून पाठ आहे. निसटतो तो एवढासा ‘अ’. ‘अ फ्यू’ म्हणजे आहेत काही, आणि नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळपास नाहीतच. आपल्याला असल्या ‘अ’ची सवय नाही, त्यामुळे आपण तो बिनदिक्कत गिळतो. मीटिंगमध्ये ‘आय हॅव फ्यू क्वेश्चन्स’ म्हणत हात वर करणारा माणूस खरं तर ‘मला फारसं काही विचारायचं नाही’ असं सांगत असतो. मग अर्धा तास विचारत बसतो. आणि ‘द’ लागला की त्याच शब्दाला मान मिळतो. चर्चिल यांनी ऑगस्ट १९४० मध्ये पार्लमेंटात मूठभर वैमानिकांचे उपकार मानले, तेव्हापासून ते वैमानिक ‘द फ्यू’.

इंग्रजीला नावं ठेवायला मी सरसावले होते, पण आपलं काय वेगळं आहे? तिकडे ‘अ’ काढला की माणसं कमी होतात, इकडे ‘च’ लावला की. ‘लग्नाला थोडे लोक आले’ यात निदान पंगत तरी उठते. ‘थोडेच आले’ म्हटलं की यजमानाचा चेहरा दिसतो. ‘मी थोडीच जाणार आहे’ यात तर थोडंसुद्धा जाणं नाही. आणि हाच ‘च’ ‘बरे’ला चिकटला की ‘बरेच’! मणी नासले तरी आपण ‘बरेच नासले’ म्हणतो, त्यात बरं काय आहे देव जाणे. थोडेथोडके नव्हेत, चांगले चाळीस-पन्नास, जरा जास्तच... डच माणसानं मराठी शिकून आम्हाला मेल केली असती तर त्याचाही कंटेनर बुडाला असता.

मिसळीच्या दुकानात तर ‘थोडा’ला मापच नाही. रविवारी गंगापूर रोडला मी वाटीवर हात आडवा धरून म्हटलं, “दादा, थोडाच रस्सा.” वाढप्यानं माझा हात बाजूला व्हायची वाट पाहिली आणि वाटी काठोकाठ भरली. तर्रीवर पापडाचा तुकडा तरंगायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी “भरपूर दे रे” म्हटलं, त्यांनाही तेवढाच.

त्या प्रकरणानंतर मी माल भरण्याआधी स्वतः टेबलांवरून चक्कर मारते. बायका घड उचलून, फिरवून, कात्रीच्या टोकानं तडकलेले, मऊ मणी टिपत असतात. परवा एका मावशींना विचारलं, “आज खराब किती निघतायत?”

“थोडेच आहेत ताई,” त्या मान वर न करता म्हणाल्या आणि टेबलाखालचं क्रेट पायानं आत सारायला गेल्या. क्रेट हललं नाही.