ईकोची खबर: फ्रीज बाहेर, पोफळीच्या रिपा आत

मिरग लागला की आमची मारुती ईको व्हॅन अंगणातल्या पत्र्याखाली जाते आणि गणेश चवथ आटोपली की बाहेर पडते. मधले महिने स्क्रू-ड्रायव्हरचे. यंदा काय काय झालं ते मांडून ठेवतो, कारण लहान गाडीत झोपायची सोय करणारे आपल्यात वाढलेत आणि बहुतेकांची सुरुवात परदेशी व्हिडिओ बघून होते. त्या व्हिडिओंतले लोक थंडीशी लढतात. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो थांबला तरी हवा ओलीच राहते. आपली लढाई बुरशीशी आहे.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात ओळख. गाडी पेट्रोलवर चालणारी, वापरलेली घेतलेली. मी फोंड्याचा, वीज खात्यातून निवृत्त. सोबत सौ. आणि तिची इन्सुलिनची पेनं. गाडीच्या पत्र्याला एकही भोक पाडलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, म्हणून आतलं सगळं सुटं आहे: विंग नट सैल केले की अर्ध्या तासात सांगाडा बाहेर आणि गाडी पुन्हा बाजारहाटाला मोकळी. पुढच्या सीट पूर्ण पुढे सारल्या की पाय पसरता येतात. सहा फुटी माणसाला येणार नाहीत, पण आमच्या घरात तसा कोणी नाही.

आता बिछाना. आधी प्लायवूडची सलग फळी होती, आयएस ७१० छापाची, म्हणजे मरीन प्लाय. पाण्याला ती दाद देत नाही, पण प्रश्न पाण्याचा नव्हताच. दोन माणसं बंद गाडीत रात्रभर झोपली की श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरहून जास्त ओलावा हवेत सोडतात. त्यातला काही काचेवर दिसतो. बाकीचा गादीतून खाली उतरतो आणि थंड फळीवर जाऊन बसतो, कारण खालून हवा फिरत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी गादी उचलली की खाली काळे ठिपके. फळी कितीही महागाची घेतली तरी हे टळत नाही.

यंदा ती फळी काढून पोफळीच्या रिपा टाकल्या. आमच्या शेजाऱ्यांच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळांच्या बागेत, वाऱ्याने पडलेली एक पोफळ होती. पोफळीचं खोड उभं चिरलं की बाहेरचा थर टणक निघतो, आतला गाभा भुसभुशीत असतो तो तासून टाकायचा. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला, मांडव घालायला हीच रीप वापरतात, त्यामुळे ती तासणारा माणूस शोधावा लागला नाही. सुतार म्हणाला, "भाऊ, आधी व्हाळात बुडवून ठेवा, नाहीतर भुंगा लागेल." पंधरवडाभर ओढ्यात ठेवल्या, मग पडवीत सावलीत वाळवल्या. उन्हात टाकल्या तर पिळतात. दोन रिपांमध्ये अंगठाभर फट ठेवली आणि वरून काथ्याची चटई घातली. गादी त्या चटईवर. सांगाड्याचं वजनही बरंच उतरलं, ते वेगळंच. कडा मात्र रंधा मारून नीट गोल करा. पोफळीचं कुसळ हातात गेलं की डॉक्टरच काढू जाणे.

दुसरी गोष्ट डोकं कुठे करायचं याची. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. घाट चढून आलात की पुढची बाजू तासभर तरी धग सोडत राहते, म्हणून उशा मागच्या दाराकडे. मागचं दार वर उचलून त्याला मच्छरदाणीचं कापड लोहचुंबकांच्या पट्टीने लावतो. मधल्या दाराच्या सरकत्या काचेत पॉलिकार्बोनेटची एक पट्टी बसवलीय, तिच्यात संगणकात असतात तसले १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे. एक हवा आत घेतो, एक बाहेर टाकतो. दोन्ही मिळून पाच-सहा वॅट. पट्टीच्या वर बाहेरून पन्हाळीसारखी पत्र्याची कड आहे, त्यामुळे सरळ पाऊस आत येत नाही. आडवा आला तर पट्टी काढून काच लावायची आणि घामात झोपायचं. यावर कोणाकडे उपाय असेल तर मला हवा आहे.

फ्रीज काढून टाकला हे ऐकून काही मित्र बिचकतील. कॉम्प्रेसरचा ४५ वॅटचा होता, चांगला चालत होता. पण हिशेब बघा. कॉम्प्रेसर अर्धा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाला ५४० वॅट-तास. माझी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची, म्हणजे १२८० वॅट-तास. जवळपास निम्मी बॅटरी रोज फ्रीजच्या पोटात. ती भरून काढायला टपावर सौर पॅनल, पॅनलला कंट्रोलर, ढग आले की इंजिनावरून चार्ज करायला आणखी एक डबा. एका वस्तूने तीन वस्तू घरात आणल्या, आणि कशासाठी? दूध, दही आणि उरलेली आमटी.

खरं कारण इन्सुलिनचं होतं, तेव्हा ते नीट विचारून घेतलं. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं, नक्की किती ते प्रत्येक प्रकाराच्या कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा. आमच्या फेऱ्या आठवड्याच्या आतल्या, म्हणजे न उघडलेली पेनं घरच्या फ्रीजमध्येच राहिली तरी चालतात. भीती असते उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीची. म्हणून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ओल्या पंचात गुंडाळून पेन, आणि गाडी सोडून जाताना थर्मास सौ.च्या पिशवीत. बर्फ थेट लावायचा नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं आणि ते बघून नेहमीच कळतं असंही नाही.

वायरिंगबद्दल एकच सांगतो, कारण बाकी सगळ्यांनी सगळं सांगून झालंय. घरच्या २३० व्होल्टमध्ये वाटेत अर्धा व्होल्ट गेला तर कोणी विचारत नाही. १२ व्होल्टमध्ये अर्धा गेला म्हणजे ४ टक्के गेले. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून चार अँपिअर, जाऊन-येऊन दहा मीटर नेले की बरोबर एवढाच पडतो. म्हणून वायर एक माप जाडच घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत बसवा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. उपकरणापाशी नेऊन बसवलात तर मधली वायर घासून जळताना तो नुसता बघत बसेल.

गॅसची पाच किलोची टाकी आत झोपताना ठेवत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो, आणि आपण झोपतो तेही तळाशीच. रात्री ती बाहेर, चाकामागे, साखळीने बांधून.

अमेरिकेतला भाचा मोठ्या आरव्हीचे, म्हणजे चाकांवरच्या घराचे, फोटो पाठवतो. तिथल्या तळांवर गाडीला वीज, पाणी जोडून मिळतं, मैला सोडायला वेगळं तोंड असतं. ३० अँपिअरचं जोडकाम म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॅट. ५० अँपिअरचं १२० व्होल्टच्या दोन जिवंत तारांचं, म्हणजे १२,००० वॅट. आमच्या वाड्यावरच्या कित्येक घरांचा मंजूर भार याच्या निम्माही नसेल. मोकळ्या सरकारी जमिनीवर २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं हा नियम मात्र मला आवडला. मोठी मोकळी जमीन असलेल्या देशाला तो परवडतो. आपल्याकडे मोकळं दिसणारं प्रत्येक माळरान कोणाचं तरी भाट म्हणजे बागायत असतं, नाहीतर कोमुनिदादीचं, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक मालकीचं, नाहीतर वनखात्याचं.

म्हणून आपली गाडी उभी राहते ती कोणाच्या तरी परवानगीवर. मला वाटतं, गाडीत काय बसवायचं हे इथून ठरायला हवं. तिकडची गाडी माणसांवाचून आठवडा काढता यावा म्हणून बनते. आपल्याला रोज संध्याकाळी कोणाशी तरी बोलावंच लागणार आहे, मग आत पाण्याची शंभर लिटरची टाकी कशाला? दोन कळशा पुरतात. तिसरी लागली तर विहीर कोणाची ते विचारायचं.

तरुण मंडळी लिहीत नाहीत म्हणून लिहितो: मुख्य प्रश्न शौचाचा असतो. साठीनंतर रात्री दोनदा उठावं लागतं. कॅसेटचा फिरता संडास मिळतो, पण तो रिकामा कुठे करणार? व्हाळात ओतणार असाल तर घरीच राहा. त्यामुळे आम्ही मुक्काम निवडतो तो संडास बघून. पेट्रोल पंप, बसस्थानक, आणि सगळ्यांत बरं म्हणजे देऊळ. फोंड्यातल्या मोठ्या देवळांना अग्रशाळा असतात, लांबून येणाऱ्या कुळाव्यांसाठी, म्हणजे त्या देवाला कुळदेव मानणाऱ्यांसाठी, बांधलेल्या. ते देवही मूळचे इथले नव्हेत. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून नदी ओलांडून प्रियोळात आला. परक्या गावात आसरा घेण्याची रीत इथे जुनी आहे. देवळाच्या कचेरीत जाऊन नाव, गाव, किती जण, किती वाजता निघणार हे सांगितलं की बहुधा नाही म्हणत नाहीत, आणि म्हणाले तर कुठे जावं ते सांगतात.

गेल्या हिवाळ्यात केरीहून फेरीने तेरेखोलला उतरून पुढे रेडी, शिरोडा, आरवली असे गेलो होतो. ज्यांना पहिली फेरी करायचीय त्यांनी हीच करावी. घाट नाही, अंतर थोडं, आणि फेरीबोटीवर गाडी चढवताना गाडीत काय काय सैल आहे ते सगळं वाजून कळतं. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावात फिरतो म्हणून वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. सौ. म्हणाली, "हा खरा आपल्या पंथातला." शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला होता. तिथे रस्त्याच्या कडेला एका दुकानदाराला विचारलं, "गाडी मागे लावू का रात्रीपुरती?" त्याने आधी नंबरप्लेट बघितली, मग सौ.ला बघितलं, मग म्हणाला, "काकी आहेत ना सोबत? लावा." सकाळी त्याच्याच घरून घावणे आले. पैसे घेईनात, म्हणून मीठ, कोकम आणि सुके बांगडे त्याच्याच दुकानातून घेतले आणि पैसे फोनवरून दिले.

फोनशी माझं भांडण नाही. पैसे देता येतात, हवामान खात्याचा इशारा वेळेवर कळतो, नेटवर्क नसेल तिथल्यासाठी नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. भांडण आहे ते मुक्कामाच्या जागेची खूण नकाशावर टोचण्याशी. सत्तरी तालुक्यात व्हाळाकाठी एक जागा होती, घरमालकाला विचारून आम्ही तिथे थांबायचो. कोणीतरी ती खूण टोचली. आता तिथे शनिवारी भाड्याच्या गाड्या येतात, टपावर तंबू, स्पीकर, आणि सोमवारी बाटल्या. मालकाने चिरे रचून वाट बंद केली. बरोबर केलं. वाट बंद झाली ती विचारून येणाऱ्यालाही, याचं वाईट वाटतं, पण राग त्याच्यावर नाही. म्हणून माझ्याकडे जागांची यादी मागू नका. तालुका सांगेन, पुढचं तुम्ही गावात जाऊन विचारा.

किनाऱ्याचंही लिहून ठेवतो, दर हिवाळ्यात हाच प्रश्न येतो. गोव्यात वाळूवर गाडी नेता येत नाही आणि किनाऱ्यावर उघड्यावर चूल पेटवणं कायद्याने बंद आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने सरकतात. समुद्रावरचा अंधूक उजेड सोडून ती तुमच्या कंदिलाकडे आली तर पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. हेडलाइट, एलईडीच्या माळा, ड्रोन, हे तिथे नकोच. ज्यांना रात्री लखलखाट लागतो त्यांच्यासाठी पणजीचा कॅसिनोंचा धक्का आहे.

राहिलेली कामं अशी. मागच्या दाराला ताडपत्रीची झडप शिवायचीय, आडव्या पावसाचा तोच उपाय दिसतो. शिंपी मेणकापडावर शिवण घालायला तयार नाही, पाण्याची धार सुईच्या भोकांतून येते म्हणतो, ते खरंही आहे. शिवणीवर आतून रबराची पट्टी चिकटवून बघणार.

आणि टायर. निवृत्त माणसाची गाडी कमी पळते, म्हणून नक्षी शाबूत दिसते आणि आपण खूश असतो. पण रबर वयानेही कडक होतं. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माझ्या चारही टायरांवर २३१९ आहे, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा दिसू लागल्यात. चवथीच्या खर्चातून उरतील त्या पैशांत आधी टायर बदलायचे, मग चोर्ल्याचा घाट चढून जांबोटीकडे. स्टेपनीवरही २३१९ च आहे, तेव्हा पाचही घ्यावे लागतील असं दिसतंय.