खापराचं वय: तुम्ही विचारलंत म्हणून

माझं काम खापरं बघण्याचं, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पंजाएवढा तुकडा, त्यावर ना नाव ना तारीख. मग तो दोन हजार वर्षांपूर्वीचा हे तुम्ही सांगता कसं? अंदाजपंचेच ना?" परवा एका मुंजीत, पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनीही हेच विचारलं. तेवढ्यात जिलबी आली आणि उत्तर राहून गेलं. ते आता देते.

मी बघते ती खापरं बहुतेक अँफोऱ्यांची. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा मातीचा कुंभ. दारू, तेल, खारवलेल्या माशांचा रस असा माल जहाजातून न्यायचा डबाच म्हणा ना. माल संपला की डबा फेकायचा, आणि आमचं पोट त्या फेकाफेकीवर चालतं. रोममध्ये माँते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंच टेकडी आहे. अख्खी खापरांची, आणि त्यातली बहुतेक दक्षिण स्पेनहून आलेल्या ऑलिव्ह तेलाच्या कुंभांची. त्यांच्यावर शाईनं लिहिलेलं हाइनरिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकानं चिकाटीनं वाचून काढलं. रिकाम्या कुंभाचं वजन, तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव आणि काहींवर त्या वर्षीच्या कॉन्सुलांची, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची नावं. कॉन्सुल दर वर्षी बदलायचे आणि त्यांच्या याद्या आपल्याकडे आहेत, म्हणजे तारीखच हातात आली. १८९९ मध्ये ड्रेसेलनं कुंभांच्या आकारांचा तक्ता छापला. तेलाच्या त्या गोल पोटाच्या कुंभाला आम्ही अजून 'ड्रेसेल २०' म्हणतो.

पण अशी तारीख लिहिलेली खापरं थोडी. बाकीच्यांचं वय शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून ठरवायचं: त्याच थरात नाणं कुणाचं निघालं, त्याच बुडालेल्या जहाजात आणखी काय होतं. आणि शेजारी ओळखण्यात चूक झाली की सगळंच चुकतं. फ्रान्समध्ये मार्सेयजवळ ग्राँ काँग्लुए बेटापाशी १९५२ पासून झाक कुस्तो या फ्रेंच समुद्रसंशोधकाच्या, पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी कुंभांचा ढीगच वर काढला. जहाज एकच धरलं गेलं, त्यामुळे दोन वेगळ्या घडणीचे कुंभ एकाच वेळचे ठरले. पुढे कळलं की जहाजं दोन होती, एकावर एक बुडालेली, आणि त्यांच्यात सुमारे शंभर वर्षांचं अंतर होतं.

माझी स्वतःची चूक याहून साधी. शिकत होते तेव्हा कोकण किनाऱ्यावरची एक पेटी माझ्याकडे आली. त्यात जाड, पिवळट मातीचा एक तुकडा होता, आतून काळ्या थराचा. रोमन दारूच्या कुंभांना आतून पाइनच्या राळेचा काळपट लेप असतो, हे मी नुकतंच वाचलेलं. चिठ्ठीवर लिहून टाकलं: 'रोमन, इ.स. पहिलं शतक'.

सरांनी तुकडा हातात घेतला, ताजी मोडलेली कड भिंगाखाली धरली. इटलीतल्या व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातल्या रोमन कुंभांच्या मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे चकचकीत कण दिसतात, भरड कुटलेल्या काळ्या तिळांसारखे. इथे तसं काहीच नव्हतं. मग पेटीतले त्याच मातीचे बाकीचे तुकडे माझ्यासमोर मांडून ते म्हणाले, "यातला कान कुठला ते दाखव."

कान नव्हताच. मानही नव्हती. तो 'टॉर्पेडो जार' होता: इराण-इराकच्या बाजूचा, आतून डांबर फासलेला, इराणी आखातातून आलेला. रॉबर्टा टॉम्बर या खापरांच्या अभ्यासकांनी भारतातल्या संग्रहांतली खापरं तपासली, तेव्हा 'रोमन' म्हणून ठेवलेले कितीतरी तुकडे असेच निघाले. घारापुरीलाही हे जार सापडले आहेत. चूक होण्याचं कारण नुसता काळा थर नव्हे, असं माझं मत आहे. रोम म्हटलं की बातमी होते, आखात म्हटलं की कुणी फोटोसुद्धा काढत नाही. तुकडा रोमन निघावा असं मलाही मनातून वाटतच होतं.

नवीन चिठ्ठीवर लिहिलं: 'टॉर्पेडो जार, इ.स. तिसरं ते नववं शतक'. काका म्हणतील, सहाशे वर्षांचा पल्ला म्हणजे अंदाजपंचेच की! पण तुकडा पोटाचा आहे. काठाचा असता तर त्याच्या घडणीवरून पल्ला थोडा आवळून पाहिला असता.