गाडीने फक्त स्वतःविषयी सांगावे

रस्ता ओलांडताना आपण गाडीकडे पाहतो असे म्हणत असलो, तरी खरे लक्ष चालकावर असते. त्याची नजर आपल्यावर पडली का, त्याने हाताने खूण केली का, हे पाहूनच पाऊल उचलले जाते. चालकविरहित गाडीत ही सोय उरत नाही, म्हणून तिला बोलते करण्याचे बरेच प्रयोग झाले आहेत.

2017 साली फोर्डने व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संशोधन संस्थेसोबत केलेल्या प्रयोगात चालकाला आसनासारख्या दिसणाऱ्या पोशाखात दडवले होते (ही कल्पना सुचलेल्या माणसाचे मला कौतुक वाटते), आणि समोरच्या काचेवर दिव्यांची एक पट्टी बसवली होती. पांढरे दिवे डावीकडून उजवीकडे आणि परत सरकू लागले की गाडी वाट देणार, आणि भराभर लुकलुकले की ती निघणार, असा संकेत ठरला होता. पुढच्याच वर्षी जॅग्वार लँड रोव्हरने गाडीला पादचाऱ्याकडे वळून पाहणारे मोठे डोळे लावून पाहिले. डोळ्यांमुळे गाडीने आपल्याला पाहिले एवढे कळते. ती थांबेल की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

‘आता जा’ असे सांगणाऱ्या पाट्या मला सर्वांत धोक्याच्या वाटतात. गाडी स्वतःपुरती हमी देऊ शकते, परंतु शेजारच्या मार्गिकेतून वेगाने येणाऱ्या दुसऱ्या वाहनाची हमी ती कशी देणार? शिवाय रस्त्याच्या कडेला चौघे उभे असतील, तर तो संदेश नेमका कोणासाठी, हेही स्पष्ट होत नाही. ‘मी थांबत आहे’ एवढेच सांगणारी खूण त्यामानाने प्रामाणिक आहे, आणि ती खूण देण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे ब्रेक. गाडीने पुरेसे आधी वेग कमी केला आणि झेब्रा पट्ट्यांपासून चांगले अंतर ठेवून ती उभी राहिली, तर मुलांनाही तिचा हेतू कळतो. तीच गाडी अगदी जवळ येऊन थांबली, तर दिवे कितीही लावले तरी माणूस बिचकतो.

मात्र अंध व्यक्तींना यातले काहीच दिसत नाही. विजेवरच्या गाड्यांना कमी वेगात कृत्रिम आवाज करण्याची सक्ती युरोपात आणि अमेरिकेत आहे. त्या आवाजाने गाडी जवळ असल्याचे समजते, पण ती आपल्यासाठी थांबली आहे की सिग्नलसाठी, हे त्यातून समजत नाही.