तुम्ही विचारलंत म्हणून: कबरींचे फोटो कशाला?

“आपल्यात पुरत नाहीत, मग तुमचं कबरस्तानात काय काम?” मोबाइलमधले माझे फोटो पाहिले की हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसरा, भीती नाही वाटत का? भीती नाही वाटत, एवढंच त्याचं उत्तर. पहिल्याचं मात्र नीट द्यायला हवं.

वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून मी कित्येक वर्षं बसने जात होते. हे मोझेस कोण, असं कधी मनातही आलं नाही. १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते ते, बेने इस्राएल या इथल्या ज्यू समाजाचे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटला गेलेला हा समाज. घरात बोलायची भाषा मराठी. त्यांच्या कबरस्तानात पहिल्यांदा गेले तेव्हा एका दगडापाशी पाय थांबले. वर हिब्रू, खाली मराठी. आडनावाच्या शेवटी ‘कर’, म्हणजे पेण-रोह्याकडच्याच कुठल्यातरी गावचं. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या त्या बाईंचं नाव मी सहज वाचू शकले.

आमच्याकडे श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेतात. त्याआधीच्या पिढ्यांची कुणाला ठाऊक नसतात. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना त्यांच्या आजीचं माहेरचं नाव विचारलं. बराच वेळ ते आठवत राहिले. आठवलं नाही. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन निघते.

सगळ्यात जास्त फेऱ्या शिवडीच्या ख्रिस्ती कबरस्तानात होतात. १८६०च्या दशकात, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना ते झालं. त्याआधी तिथे बाग होती. व्ही.टी. स्टेशन बांधणारे फ्रेडरिक स्टीव्हन्स १९०० साली मुंबईतच वारले, ते इथे आहेत. गेटवेचे वास्तुविशारद जॉर्ज विटेटही इथेच. गेटवे १९२४ साली पुरा झाला आणि दोनच वर्षांत ते गेले. त्यांच्या कबरी पाहायला लोक येतात, यावंच. मी मात्र रेंगाळते ती ज्यांना शोधत कुणी येत नाही त्यांच्यापाशी.

जुन्या संगमरवरावर अक्षरं कोरून त्यात शिसं भरत. शिसं धरून राहावं म्हणून प्रत्येक अक्षराच्या खाचेत बारीक भोकं पाडलेली असायची. पावसाने संगमरवर झिजतो, साखरेसारखा रवाळ होतो, बोट फिरवलं तरी कण सुटतात. मग शिसं गळून पडतं आणि उरतात नुसती भोकं. ती मात्र अक्षराच्या वळणानेच असतात. समोरून फोटो काढला तर पांढऱ्या दगडाखेरीज काही दिसत नाही. सकाळी आठच्या आत किंवा साडेपाचनंतर तिरपं ऊन पडलं की खाचांत सावली भरते आणि नाव वर येतं. झाडाच्या सावलीत दगड असेल तर मी छोट्या आरशाने कडेने उजेड टाकते. काहीजण अक्षरांवर खडू घासतात, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडतात. कृपा करून असं करू नका. आणखी पन्नास पावसाळे टिकणारं नाव त्याने एका दुपारीत जातं.

अंत्यविधी चालू असेल तर कॅमेरा पिशवीत. ताज्या कबरीचा फोटो कधीच नाही. फाटकावरच्या माणसाला विचारल्याशिवाय आत पाऊल नाही. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, घरचे लोक कबरी धुऊन फुलं आणि मेणबत्त्या लावतात. त्या संध्याकाळी मी नुसती बघत उभी राहते.

मुंबईत मेलेल्यांनाही जागा अपुरी. अनेक ख्रिस्ती कबरस्तानांत कायमची विकत न घेतलेली कबर काही वर्षांनी उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात आणि तिथे दुसरं कुणी येतं. ही रीत मला क्रूर वाटत नाही, शहराला दुसरा इलाज नाही. पण एखाद्या दगडाचा फोटो ‘पुढच्या रविवारी’ काढू म्हणून मी आता पुढे जात नाही.

शिवडीला भिंतीलगत एका लहान मुलाची कबर आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा नावातली चार अक्षरं शिल्लक होती. गेल्या पावसाळ्यानंतर गेले तर एकच, बाकी भोकं. शिशाचा एक वाकडा तुकडा खाली गवतात पडला होता. तो उचलून मी दगडाच्या पायथ्याशी फटीत ठेवला, आरसा काढला आणि भोकांवरून नाव जुळवत बसले.